श्री संत गाडगेबाबा आणि लोकांच्या पैशाचा हिशोब



आपल्या गावच्या मारुतिरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणा सर्वांच्या हातभाराने तडीस गेला, ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सोयाबीनचे कट्टे दिले, कोणी ट्रॅक्टरने रेती-मुरूम आणून टाकला, आणि ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते त्यांनी घमेली वाहिली. या शुभप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे अशी जीर्णोद्धार समितीची इच्छा होती व ते लिहिण्याचे काम मजकडे आले. मी काही साहित्यिक नाही. तहसील कचेरीत कारकुनी करणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा माणूस आहे. तरी यथामती चार शब्द लिहीत आहे, ते वाचकांनी गोड मानून घ्यावेत.

मी श्री संत गाडगेबाबांचे चरित्र निवडले आहे. मंदिराच्या स्मरणिकेत गाडगेबाबा कशाला, असे कोणी विचारील. बाबांनी दगडाच्या देवापेक्षा भुकेल्या माणसात देव पाहिला. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात असूनही ते देवळात न जाता चंद्रभागेचे वाळवंट झाडीत राहिले, हे सर्वश्रुत आहे. परंतु लोकांकडून पै-पैसा गोळा करून लोकांसाठीच मोठमोठ्या इमारती उभ्या करणारा असा पुरुष आपल्या वऱ्हाडात दुसरा दाखवता येणार नाही. आणि जेथे वर्गणी आली तेथे एक प्रश्न आलाच. हा पैसा ज्याच्या हाती असतो, त्याच्याकडे कोणी पाहत नसताना तो त्याचे काय करतो? बाबांचे सारे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. म्हणून हे चरित्र मी त्याच अंगाने सांगणार आहे.

जन्म व बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घरची स्थिती बेताचीच होती, आणि त्यात झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्या व्यसनाने १८८४ साली त्यांचा बळी घेतला. डेबूजी तेव्हा अवघे आठ वर्षांचे होते. पदरी लहान पोर, जवळ काही नाही, अशा अवस्थेत सखुबाई आपल्या माहेरी दापुरे येथे आल्या. हे गाव मूर्तिजापूर तालुक्यात आहे, म्हणजे आपल्या कारंजा भागाच्या शेजारचेच.

दापुऱ्याला आजोबा हंबीरराव व मामा चंद्रभानजी यांची शेती होती. डेबूजींच्या वाट्याला गुरे राखण्याचे काम आले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, ते अखेरपर्यंत. गुराखी पोर दिवसभर रानात एकटे असते. आपले गुरू शेजाऱ्याच्या जवारीत शिरले तर ते हाकलायचे की पाहून न पाहिल्यासारखे करायचे, हे सांगायला तेथे कोणी नसते. ज्यांनी गुरे राखली आहेत त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. अशा मोकळ्या रानात डेबूजी वाढले. पुढे ते नांगर, वखर, पेरणी या सर्व कामांत तरबेज झाले. कष्टाला वाघ आणि आवाज गोड, असा त्यांचा लौकिक झाला. रात्री भजनाला बसावे व पहाटे पुन्हा शेतात जावे, असा त्यांचा क्रम असे. १८९२ साली त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण घालायचे होते. डेबूजींनी तो रिवाज मोडून पंक्तीला गोडाचे जेवण घातले. ज्या व्यसनाने बापाचा जीव गेला त्याला त्यांनी आपल्या दारातून असे बाहेर काढले.

मामांचे शेत

याच काळात जी गोष्ट घडली तिने त्यांच्या मनावर कायमचा घाव केला. मामा चंद्रभानजी सरळ मनाचे शेतकरी होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या वेळी वऱ्हाडात कापसाचा व्यापार जोरात होता, रेल्वे आली होती, जमिनीला भाव चढला होता, आणि त्याबरोबर सावकारी कर्जाचे पाशही घट्ट झाले होते. मामांनी सावकाराचे कर्ज घेतले. ते फेडण्यासाठी घरातल्या सर्वांनी राब राब राबून पैसा भरला. परंतु भरलेल्या पैशाची पक्की पावती हाती घेतली नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिले जाते ते मामांना कळत नव्हते. अखेर फिटलेले कर्ज फिटले नाही असे ठरले व शेत सावकाराच्या घशात गेले. त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले व त्यातच ते गेले. पुढे सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून त्याला आडवे गेले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे.

वाचकहो, या प्रसंगाचा थोडा विचार करावा. चोरी म्हणजे रात्रीच्या अंधारात, भिंत फोडून होते असा आपला समज असतो. मामांचे शेत दिवसाढवळ्या गेले. ते स्वतः तेथे बसलेले होते. वही त्यांच्या डोळ्यांसमोर उघडी होती. त्यांनी अंगठाही आपल्याच हाताने उठवला. तरी त्यांनी काही पाहिले नाही, कारण ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासमोर उघडी वहीसुद्धा मिटलेलीच असते. सावकाराला भिंत फोडावी लागली नाही. समोरच्याला दिसत नाही, एवढे त्याला माहीत होते, आणि तेवढे त्याला पुरले.

कचेरीच्या खिडकीशी आजही अशी माणसे येतात. चलनावर आकडा किती आहे ते त्यांना वाचता येत नाही. नोटा मोजून द्या म्हटले तर तुम्हीच मोजा म्हणून हातातला रुमाल सोडून पुढे करतात. उरलेले पैसे परत दिले तर न मोजता कनवटीला लावतात. अशा वेळी खिडकीच्या आत बसलेल्या माणसाकडे कोण पाहत असते? दहा माणसे रांगेत उभी असली तरी खरे पाहिले तर कोणीच नाही. म्हणून बाबांच्या चरित्रातला हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. पुढे बाबांनी कीर्तनातून जन्मभर जे सांगितले, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शाळेत घाला, कर्ज काढून सण आणि जेवणावळी करू नका, त्याचे मूळ या शेताच्या बांधावर आहे.

कोणी ओळखीत नव्हते ती वर्षे

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजींनी घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते गावोगाव फिरत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे, असा त्यांचा वेष होता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना पुढे गाडगेबाबा म्हणू लागले. पण त्या सुरुवातीच्या काळात त्यांना बाबा म्हणणारे कोणी नव्हते. वेडा समजून पोरे मागे लागत, दारातून हाकलून देत.

या काळातला त्यांचा एक नेम आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. गावात गेले की ते आधी काम करीत. रस्ता झाडावा, नाली मोकळी करावी, कोणाची लाकडे फोडून द्यावी, आणि मग भाकर मागावी. काम न करता घेतलेली भाकर ते आपली मानीत नसत. भिकाऱ्याला कोणी हिशोब विचारीत नाही. त्याने काम केले काय आणि न केले काय, भाकर वाढणारी बाई काही नोंद ठेवीत नाही. तरी बाबांनी तो हिशोब स्वतःशी ठेवला. जे कमावले नाही ते आपले नाही, हा धडा त्यांनी गिरवला तो असा, ओळख नसलेल्या गावात, परक्या दारात, कोणी पाहत नसताना. पुढे लाखो रुपयांचे व्यवहार त्यांच्या शब्दावर झाले, त्याची तयारी या एका भाकरीच्या हिशोबाने झाली होती.

याच वर्षांत ऋणमोचनचे काम झाले. पूर्णा नदीच्या काठी अमरावती जिल्ह्यात हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे रविवारी यात्रा भरते. काठावर चिखल फार, बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी तेथे घाटाचे काम हाती घेतले. आधी स्वतः अंगमेहनत केली, ती पाहून लोक जमले व लोकवर्गणीतून घाट उभा राहिला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. ज्यांचा मामा न फिटणाऱ्या कर्जापायी गेला त्यांचे पहिले मोठे लोककार्य या नावाच्या गावी व्हावे, हा योगायोग म्हणावा की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

धर्मशाळा आणि देणग्या

१९१७ साली बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू केले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरीत डोके टेकायला छप्पर नव्हते. पाऊस आला तर लेकराबाळांसह उघड्यावर भिजावे लागे. त्यांच्यासाठी ही धर्मशाळा १९२० पर्यंत उभी झाली. त्यानंतर हा ओघ थांबला नाही. पंढरपुरात आणखी धर्मशाळा झाल्या. नाशिक, देहू, आळंदी या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण झाले. अंध-पंगूंसाठी अन्नछत्रे सुरू झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, रुग्णांबरोबर आलेल्या गरीब नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा झाली. आपल्या भागातून मुंबईला दुखणेकऱ्याला घेऊन गेलेल्यांना फुटपाथवर रात्र काढणे म्हणजे काय ते माहीत आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. बाबांच्या पश्चात त्यांच्या मिशनची दादरला धर्मशाळा झाली. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या गरीब रुग्णांना तेथे आसरा मिळतो.

एवढ्या इमारतींना पैसा किती लागला असेल याची कल्पना करावी. हा पैसा कीर्तनातून आला. बाबांचे कीर्तन म्हणजे हजारोंचा समुदाय. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत, शुद्ध वऱ्हाडी बोलीत ते बोलत. शेठ-सावकारही समोर बसत आणि रोजमजुरी करणाऱ्या बायाही बसत. एका शब्दासरशी पैसा जमा होई. कोणी किती दिले याची त्या गर्दीत मोजदाद करणे सोपे नव्हते. बाबांनी त्यातली मूठभर नाणी आपल्या गाडग्यात टाकली असती तर कोणाला कळले नसते. आणि कळले असते तरी कोणी काही म्हटले नसते. उलट, साधुपुरुषाच्या पदरात पडले, बरे झाले, असेच लोक म्हणाले असते.

हा फार नाजूक मुद्दा आहे. चोराकडे लोक संशयाने पाहतात, म्हणून चोराला निदान भीती असते. साधूकडे लोक भक्तीने पाहतात, आणि भक्तीने पाहणारा डोळा हिशोब पाहत नाही. तेव्हा ज्याच्यावर लोकांचा पूर्ण विश्वास आहे तो माणूस सर्वांत जास्त एकांतात असतो. त्याच्या हातांवर कोणाचीच नजर नसते. बाबांना ही गोष्ट पक्की कळली होती असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. ते कोणाला पाया पडू देत नसत. कोणाचे गुरू झाले नाहीत, कोणाला शिष्य केले नाही. मान घेतला की हिशोब विचारणारे तोंड बंद होते, हे त्यांना माहीत असावे.

घरची माणसे दूर

बाबांनी लोकांसाठी एवढ्या पक्क्या इमारती बांधल्या, पण स्वतःसाठी एक खोली बांधली नाही. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याहून कठीण गोष्ट दुसरी आहे. त्यांनी आपल्या घरच्या माणसांनाही त्या इमारतींत राहू दिले नाही. कुंताबाई व मुलेबाळे झोपडीत राहत, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. धर्मशाळा वाटसरूंसाठी बांधली, लोकांनी पैसा त्यासाठी दिला. बाबांची बायको ही काही वाटसरू नव्हे. तेव्हा तिचा त्या छपरावर हक्क नाही, असा बाबांचा सरळ हिशोब होता.

हे वाचताना मनाला लागते. कुंताबाईंची काय चूक? नवरा घर सोडून गेला, तिने कष्टाने मुले वाढवली, आणि नवऱ्याच्या शब्दाने उभ्या राहिलेल्या धर्मशाळेत तिला एक कोपरा मिळू नये? मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा मला बाबा थोडे कठोर वाटतात. आजही वाटतात. पण आपण अनुभवाने जाणतो की लोकांच्या पैशाला पहिली वाट फुटते ती घराकडे. आणि ती वाट चोरीसारखी दिसत नाही. एक खोली रिकामी आहे, तोवर राहू द्या. शिजवलेले अन्न उरले आहे, घरी नेऊ द्या. सिमेंटची दोन पोती उरली आहेत, पडून खराब होतील, आपल्या ओट्याला वापरू. यात कोणाला पाप वाटत नाही. वहीत लिहिण्याइतके ते मोठेही नसते. बाबांनी तीच वाट पहिल्यांदा बंद केली. स्वतःच्या हातावर ताबा ठेवणे साधूला जमते. आपल्या माणसांच्या तोंडाकडे पाहून विरघळणारे मन आवरणे साधूलाही कठीण. त्याची किंमत बाबांनी दिली, आणि खरे म्हणजे बाबांहून जास्त कुंताबाईंनी दिली. बाबांचे स्मरण करताना त्या माउलीलाही हात जोडले पाहिजेत.

कागद करून दिला

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे लाखो रुपयांच्या इमारती ज्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या त्यांना जमाखर्चाची वही स्वतः वाचून तपासता येत नव्हती. मामांचीही हीच स्थिती होती. पण मामांनी समोरच्यावर विसंबून अंगठा दिला. बाबांनी मात्र काम एका माणसाच्या भरवशावर ठेवले नाही. इमारती विश्वस्तांच्या हाती दिल्या, रीतसर कागद केले, नोंदणी केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. या संस्थांच्या मालमत्तेवर आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा कसलाही हक्क राहू नये, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली.

त्याआधी १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांच्या मुलांसाठी ती उपयोगी पडणार त्यांच्या हाती ती गेली. पहिली मोठी वास्तू, जिच्यासाठी तीन वर्षे खपले, तिच्यावरही त्यांनी आपले नाव वा माया ठेवली नाही.

माझ्यासारख्या कागदात जन्म गेलेल्या माणसाला यात मोठा अर्थ दिसतो. प्रामाणिक माणसाला हिशोबाची काय गरज, असे आपण सहज म्हणतो. कोणी हिशोब मागितला तर राग येतो, आपल्यावर संशय घेतला असे वाटते. बाबांइतका निःस्पृह माणूस दुसरा नाही, तरी त्यांनी कागद करून दिला. आपल्या मनाची त्यांना खात्री असेल, पण आपल्या पश्चात येणाऱ्यांची कोण देणार? आणि आपले मन तरी रोज एकसारखे कोठे असते? म्हणून आपल्याकडे पाहणारे डोळे त्यांनी आपणच नेमले. कोणी पाहत नसताना नीट वागणे हा मोठेपणा आहेच. परंतु कोणी पाहत नाही अशी वेळच येऊ न देणे, हा त्याहून मोठा शहाणपणा आहे, आणि तो साध्या संसारी माणसालाही जमण्यासारखा आहे.

अखेर

आयुष्याच्या शेवटीही बाबा थांबले नाहीत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. पुढे प्रकृती ढासळली. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. जन्मही अमरावती जिल्ह्यातला आणि शेवटही तेथलाच. अमरावतीला त्यांची समाधी आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या पोरापोरींच्या पदवीवर आज हे नाव असते. ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते त्यांच्या नावाची पदवी घेऊन आपली मुले नोकरीला लागतात. शासनाने २००० साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव दिले. आपल्यापैकी अनेकांनी त्या वेळी खराटा हातात धरला होता. खराटा आपण घेतला, ते चांगलेच झाले. हिशोबही घ्यायला हवा.

आपल्यापुरते दोन शब्द

बाबांचे चरित्र येथे संपते. पण ज्या कारणासाठी ते निवडले ते सांगितल्याशिवाय लेखणी खाली ठेवणे बरोबर होणार नाही.

आसपासच्या काही गावांत आपण अर्धवट राहिलेली मंदिरे पाहिली आहेत. खांब उभे आहेत, स्लॅब नाही, सळयांना गंज चढला आहे, गाभाऱ्यासमोर गवत उगवले आहे. पैसा कमी पडला की कोठे गेला, हे कोणाला सांगता येत नाही. कोणी खाल्ला असेलच असे नाही. बहुधा कोणी खाल्लेला नसतो. हिशोब मात्र कोणी लिहिलेला नसतो, आणि मग ज्याने एक पैसा घेतला नाही त्याच्याकडेही गाव वाकड्या नजरेने पाहते. दोन भाऊबंद एकमेकांच्या दारात जात नाहीत. देवासाठी काढलेली वर्गणी गावात फूट पाडून जाते. आपल्या गावात असे झाले नाही, ही मारुतिरायाची कृपा आणि समितीच्या सभासदांचा चोखपणा.

परंतु काम पूर्ण झाल्यावरच खरी कसोटी असते. बांधकाम चालू असताना सर्वांचे लक्ष असते. रोज दहा माणसे पाराशी उभी राहून विटा मोजतात. वास्तू उभी राहिली, कळस चढला, भंडारा झाला की माणसे आपापल्या शेताकडे जातात. मग मागे राहते ती दानपेटी, थोडी शिल्लक रक्कम, उरलेले सामान, आणि त्यांच्याजवळ असलेला एखादा माणूस. त्या वेळी कोणी पाहत नसते.

रस्त्यात सापडलेल्या वस्तूबद्दल कायदा काय म्हणतो ते जाता जाता सांगतो. १८६० च्या दंड संहितेत ही गोष्ट होती व आता नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पडलेली वस्तू मालकासाठी म्हणून उचलून ठेवणे हा गुन्हा नाही. पण मालक माहीत असताना, किंवा त्याला शोधण्याचा उपाय हाती असताना ती आपली करून टाकणे हा गुन्हा आहे. आता दानपेटीचे पाहा. तिच्यातल्या पैशाचा मालक सापडत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. सारा गाव मालक आहे. निंदणाच्या मजुरीतून दहा रुपये टाकणारी बाई मालक आहे. पुण्या-मुंबईहून मोबाईलवरून रक्कम पाठवणारा, वर्षातून एकदाच गावी येणारा मुलगाही मालक आहे. त्या बाईला वही वाचता येणार नाही, आणि तो मुलगा वही पाहायला येणार नाही. म्हणून त्या दोघांच्या वतीने वही नीट ठेवणे हे आपले काम.

याकरिता समितीला व ग्रामस्थांना माझी नम्र सूचना आहे. जीर्णोद्धाराचा जमाखर्च मोठ्या अक्षरात फलकावर लिहून पाराजवळ लावावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो हनुमान जयंतीच्या दिवशी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा. दानपेटी पाच जणांसमक्ष उघडावी, त्यांत एक-दोन महिला असाव्यात, आणि रक्कम त्याच दिवशी मोजून वहीवर घ्यावी व बँकेत मंदिराच्या खात्यावर भरावी. प्रत्येक रुपयाची पावती फाडावी. उरलेली पोती, सळया, फरशा यांची यादी करून विकावयाच्या असल्यास गावासमोर विकाव्यात. समितीतील कोणी यात कमीपणा मानू नये. हिशोब मागणे म्हणजे संशय घेणे नव्हे. हिशोब देणाऱ्या माणसाचीच त्यात राखण होते. उद्या त्याच्या मुलाबाळांना गावात मान वर करून फिरता यावे, म्हणून ही तजवीज आहे.

मारुतिराया हा सेवकांतला श्रेष्ठ. लंकेत सोन्याच्या राशी पाहिल्या, पण येताना सीतामाईची खूण तेवढी घेऊन आला, आणि ती जिची तिच्या स्वामीच्या हाती दिली. त्या देवाच्या दारात आपण नवे मंदिर बांधले आहे. त्याच्या पेटीचा हिशोबही तसाच चोख राहो, अशी प्रार्थना करून, श्री संत गाडगेबाबा व माता कुंताबाई यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.